दीड मीटर उंचीवर

फवारणी पहाटे साडेतीनला संपली.
तेराव्या होलच्या हिरवळीवर आता मी,
ॲल्युमिनियमचा एक खांब,
आणि खांबाला चार उंचींवर बांधलेल्या काचेच्या नळ्या,
दमेकऱ्यासारख्या हवा ओढत बसलेल्या.

रास अल खैमा, जुलै. समोर खाडी, खारफुटी,
मागे हजरचे डोंगर, अंधारातही हजर.
गवत पास्पालम जातीचं,
खारं पाणी पिऊन हिरवं राहणारं.
कंपनीच्या माहितीपत्रकात त्याला ‘समाधानी’ म्हटलंय.

माझं काम सांगायला सोपं:
फवारलं त्यातलं किती उडून जाईल
हे उडण्याआधी सांगायचं.
बाष्पदाब, वारा, पात्याचं तापमान,
मुळाशी साचलेल्या वाळक्या थराची जाडी,
आकडे घाला, रेघ निघते.
पहिले चार तास उंच, मग उतरती,
दुसऱ्या दुपारी छोटा उंचवटा,
तिसऱ्या दिवशी जवळजवळ जमीन.

हे गणित मी पहिल्यांदा मिरजेला पाहिलं.
आत्या तंबोऱ्याच्या खोळीत डांबरगोळ्या टाकायची.
दसऱ्याला सुपारीएवढी असलेली गोळी
होळीला हरभऱ्याएवढी.
गेली कुठे, विचारलं तर म्हणाली,
“जाते कुठे? आपल्याच नाकात.”
पुढे विद्यापीठाने तेच तीन वर्षं शिकवलं,
जरा जास्त फी घेऊन.

पण या आठवड्यात रेघ चुकतेय.
दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच नळ्या भरतात.
ऊन नाही, वारा नाही,
आणि माझ्या मॉडेलला गंधवार्ता नाही.
दोनदा पंप तपासले.
संगणकाला बोल लावला, मग दुबईच्या लॅबला.

फवारणीची गाडी धुता धुता टेकनाथ म्हणाला,
“दवा सूखे में सोता है, मॅडम.
पानी दो, उठ जाता है.”

पाच वाजताचे स्प्रिंकलर. खाडीवरून उतरलेलं दव.
मातीला, वाळक्या पात्यांना बिलगलेल्या रेणूंना
पाणी कोपराने ढोसतं: सरका, ही जागा आमची.
मला हे माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.
समीकरणात एक पद वाढवलं.
अहवालात त्याचं नाव ‘पृष्ठीय ओलाव्याची दुरुस्ती’.
माझ्या वहीत नुसतं ‘ट’.

रेघ बसली,
शिंप्याने टाचलेल्या अस्तरासारखी.
मिस्टर कॉलिन खूश.
दीड मीटर उंचीवर, चोवीस तासांनंतर, मर्यादेच्या आत.
दीड मीटर म्हणजे उभ्या माणसाचं नाक,
हातात काठी, नजर चेंडूवर.

साडेबाराला उन्हातलं काम कायद्याने बंद.
हिरवळीच्या कडेला एकच घाफ.
त्याच्या सावलीत सात जण आडवे होतात,
टेकनाथ, मोइदुल, निजामाबादचा पोशेट्टी,
बाकीच्यांची नावं मी अजून विचारलेली नाहीत.
डोळ्यांवर गमछा, गाल गवतावर,
खाली गार लागतं म्हणून.

सगळ्यात खालची नळी वीस सेंटिमीटरवर आहे.
ती मी उतार काढायला लावली होती,
खाली किती, वर किती, फरकातून प्रवाह.
तिचा आकडा एकटा असा कधी वाचला नव्हता.

आज वाचला.

तक्त्यात रकाने आहेत: खेळाडू, प्रेक्षक,
तळ्यातले मासेसुद्धा.
झोपलेल्या माणसाचा नव्हता.
मी घातला.
कॉलिन म्हणतील, साचा ठरलेला असतो.
म्हणोत.

मग झाडाखाली गेले. पोशेट्टीला हलवलं, टेकनाथला.
बाष्पदाबाला हिंदीत काय म्हणतात ते आठवेना.
म्हटलं, इथे नको,
पंपघराच्या ओट्यावर झोपा.
टेकनाथने एक डोळा उघडला.
“वहाँ बहुत गरम है, मॅडम.”

जाऊन ओट्याचं तापमान घेतलं. त्रेपन्न.
वहीत लिहून ठेवलंय.
अजून कुठल्या समीकरणात घालावं ते कळलेलं नाही.